१४५३चा उन्हाळा आणि आपला अर्धवट वाद

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस मराठी समाजमाध्यमांवर एक भांडण ठरलेलं असतं. २९ मे १४५३ रोजी ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदानं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, घेतलं, त्याच्या तिथीचं. एक बाजू म्हणते, युरोप आपसात भांडत बसला, धर्म विसरला, म्हणून हजार वर्षांचं ख्रिस्ती साम्राज्य बुडालं. आता तरी यातून शिका. दुसरी बाजू एकवीस वर्षांच्या सुलतानाचे पोवाडे गाते. २०२० साली तिथल्या हागिया सोफिया या मूळच्या चर्चची पुन्हा मशीद झाली, तेव्हापासून दोन्हीकडचा आवाज चढला आहे. या गदारोळात तिसरा एक जण शांतपणे येतो आणि स्पर्धा परीक्षेच्या वहीतलं वाक्य ठेवून जातो : तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यामुळे पूर्वेकडे जाणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले आणि युरोपीयांना सागरी मार्ग शोधणे भाग पडले. या वाक्याशी मात्र कुणीच भांडत नाही. दोन्ही बाजूंना ते आपापल्या सोयीचं वाटतं.

माझ्या मते हे तिघंही चुकतात आणि तिघांची चूक एकाच जागी आहे. ‘ख्रिस्ती जग’ आणि ‘इस्लामी जग’ अशा दोन अखंड फौजा होत्या, एक जिंकली, दुसरी हरली आणि जिंकणाऱ्यानं दाराला कुलूप लावलं, हे सगळ्यांनी आधीच गृहीत धरलेलं आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर अशा फौजा कुठेच उभ्या नव्हत्या. होती ती लहानमोठी सरकारं. कुणाकडे दरसाल न चुकता येणारा कर होता आणि त्यातून शिपायाला, तोफा ओतणाऱ्याला, सुरुंग लावणाऱ्याला वेळेवर पगार मिळत होता. कुणाकडे नुसती वंशावळ आणि देणेकऱ्यांच्या रांगा होत्या. त्या दशकातल्या बहुतेक लढायांचा निकाल या फरकानं लावला. १४५३ समजून घ्यायचं असेल तर झेंडे बाजूला ठेवून आधी खजिन्याचं दफ्तर उघडावं लागतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो खरा आहे आणि वजनदारही आहे. त्या काळची माणसं स्वतःच धर्माच्या भाषेत बोलत होती, मग आपण शहाणपणा करून त्यांच्या तोंडी जमाखर्च का घालायचा? मेहमद स्वतःला गाझी, म्हणजे धर्मयोद्धा, म्हणवत होता. शहर पडल्यावर पहिल्याच शुक्रवारी, १ जूनला, हागिया सोफियात नमाज झाली. लूट आणि कत्तल झाली, हजारो माणसं गुलाम म्हणून विकली गेली, आणि ती ख्रिस्ती होती. शहर पडायच्या आदल्या रात्री त्याच चर्चमध्ये ग्रीक (ऑर्थोडॉक्स) आणि लॅटिन (पोपला मानणारा) अशा दोन्ही पंथांचे लोक एकत्र प्रार्थनेला उभे राहिले, तेही नाटक नव्हतं. तटावर मेलेल्या माणसाला आपण कशासाठी मरतोय हे ठाऊक होतं. हे सगळं मान्य. माणसं धर्मासाठी मरायला तयार होती, यात मला शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ती तटावर, नाहीतर तटाच्या बाहेर, नेमकी कुणाच्या बाजूनं उभी होती, हे धर्मानं ठरवलं का?

हजेरीपट घेऊन बघा. शहराच्या आत, समुद्राकडच्या तटावर, ऑर्हान नावाचा एक ऑटोमन शाहजादा आपल्या तुर्की माणसांसह सुलतानाविरुद्ध लढत होता. बाहेर सुलतानाच्या छावणीत सर्बियाचा ख्रिस्ती राजा जुराज ब्रांकोविच यानं पाठवलेले घोडेस्वार होते आणि नोव्हो ब्रदोच्या चांदीच्या खाणीतले खाणकाम करणारे होते. तटाखाली सुरुंग खणणारे हात याच ख्रिस्ती खाणकामगारांचे. खाडीपलीकडे गलाता ही इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती, तिनं तटस्थतेचं सोंग घेतलं होतं. दिवसा सुलतानाशी गोड, रात्री शहराला मदत. शहर पडल्यावर तिसऱ्याच दिवशी या गलातानं सुलतानाकडून कौलनामा लिहून घेतला : घरंदारं, गोदामं, चर्च तुमचीच, घंटा वाजवायची नाही, जिझिया भरायचा, व्यापार खुशाल करा. शहराच्या जमिनीकडच्या तटाचा खरा सेनापती जिओव्हानी जुस्तिनियानी, तोही जिनोआचाच. तो जानेवारीत ७०० माणसं घेऊन आला, तेव्हा शहर वाचलं तर लेम्नोस बेट इनाम द्यायचं सम्राटानं कबूल केलं होतं. माणूस शूर होता, शेवटच्या दिवशी जखमी होईपर्यंत तो तटावर होता. पण इनामाचा कागद आधी झाला होता.

बरं, आतल्या ख्रिस्ती लोकांची तरी एकी होती का? १४३९च्या फ्लॉरेन्सच्या परिषदेत ग्रीक आणि लॅटिन चर्च एक झाल्याचं कागदावर ठरलं. ते कॉन्स्टँटिनोपलमध्ये जाहीर व्हायला १२ डिसेंबर १४५२ उजाडावा लागला, म्हणजे वेढा पडायच्या चार महिने आधी. त्या दिवसापासून अनेक ग्रीकांनी हागिया सोफियात पाऊल टाकणं सोडलं. त्यांना १२०४ आठवत होतं. त्या वर्षी हे शहर पहिल्यांदा लुटलं गेलं ते तुर्कांकडून नव्हे. पोपच्या नावानं निघालेल्या चौथ्या क्रुसेडनं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या मोहिमेनं, ते जाळलं, लुटलं आणि सत्तावन्न वर्षं दाबून ठेवलं. त्या घावातून साम्राज्य कधी उठलंच नाही. चर्चच्या एकीकरणाला कडाडून विरोध करणारा जेनाडिओस शहर पडल्यावर गुलाम म्हणून विकला गेला. मेहमदानं त्याला शोधून आणलं आणि जानेवारी १४५४ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, केलं. उलट ज्या वजीरानं वेढ्याला सुरुवातीपासून विरोध केला तो चांदारली हलील पाशा जुन्या तुर्की मुसलमान घराण्यातला. विजयानंतर सुलतानानं त्याचंच डोकं उडवलं. यातून दोन धर्मांची सरळ रेषा काढून दाखवायची तर अर्धी पात्रं आधी मंचावरून खाली उतरवावी लागतील.

आता खजिन्याकडे. बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याच्या, मुकुटातले जडजवाहीर १३४३ सालीच ३०,००० डुकाट कर्जापोटी व्हेनिसकडे गहाण पडले होते, ते पुढे कधी सुटले नाहीत. चारच वर्षांनी झालेल्या राज्याभिषेकात मुकुटावर काचेचे खडे होते आणि मेजवानीची भांडी मातीची नि कथलाची. शेवटचा सम्राट कॉन्स्टँटिन अकरावा गादीवर आला तेव्हा साम्राज्य म्हणजे तटाच्या आतलं अर्धं ओसाड शहर, थोडा किनारा, थोडी बेटं आणि दक्षिणेकडे ग्रीसचा एक तुकडा. उत्पन्नाच्या बाबींमध्ये एक मजेशीर बाब होती : हा मघाचा शाहजादा ऑर्हान. त्याला शहरात अडकवून ठेवण्याबद्दल सुलतानाकडून दरसाल रक्कम यायची. मेहमद नवा नवा गादीवर बसला तेव्हा, पोरगा कच्चा आहे असं समजून, सम्राटाच्या दरबारानं निरोप धाडला की रक्कम दुप्पट करा, नाहीतर ऑर्हानला मोकळा सोडतो. बायझंटाइनांशी सलोख्यानं वागणाऱ्या हलील पाशानंही तो ऐकून कपाळावर हात मारला. सुलतानाला निमित्त हवंच होतं. १४५२च्या उन्हाळ्यात त्यानं बॉस्फरसच्या युरोपकडच्या काठावर चारपाच महिन्यांत रुमेली हिसार हा किल्ला उभा केला आणि सामुद्रधुनीतून जाणाऱ्या गलबतांवर तोफा रोखल्या.

आणि त्या तोफा कुणी ओतल्या? अर्बन नावाच्या हंगेरीहून आलेल्या ख्रिस्ती कारागिरानं. तो आधी कॉन्स्टँटिनकडेच आला होता. सम्राटानं त्याला ठेवून घेतलं, थोडा पगारही ठरला, पण तोही वेळेवर मिळेना. बिचाऱ्याची उपासमार व्हायची पाळी आली तेव्हा तो एदिर्नेला सुलतानाकडे गेला. सुलतानानं विचारलं, कॉन्स्टँटिनोपलचे तट फोडील अशी तोफ ओतशील का? हा म्हणाला, बॅबिलोनचेही तट फोडील अशी ओतीन. डुकास हा त्या काळचा ग्रीक इतिहासकार लिहितो की सुलतानानं दिलं त्याच्या चौथाई जरी सम्राटानं दिलं असतं तरी हा माणूस गेला नसता. धर्म बुडाला म्हणून गळा काढणाऱ्यांनी डुकासचं हे वाक्य एकदा तरी वाचावं. वेढ्यात सम्राटानं चर्चची चांदीची भांडी वितळवून नाणी पाडली आणि शिपायांचे पगार भागवले. तटावर उभी राहील अशी माणसं मोजायला सांगितली तर ग्रीक पाच हजारही भरेनात. तट होते सुमारे वीस किलोमीटर.

हे एवढ्यावर थांबत नाही, आणि म्हणूनच मला नुसत्या कॉन्स्टँटिनोपलवर बोलणं अपुरं वाटतं. त्याच उन्हाळ्यात, सात आठवड्यांनी, १७ जुलै १४५३ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येला कास्तियों इथं इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध संपलं. तिथं दोन्ही बाजू ख्रिस्ती, दोन्ही एकाच पोपला मानणाऱ्या. निकाल कसा लागला बघा. फ्रान्सचा सातवा चार्ल्स तरुणपणी इतका हलाखीत होता की लोक त्याची टिंगल करत. १४३९ पासून त्यानं ताय नावाचा कर राजाच्या हक्काचा केला, १४४५ मध्ये त्या कराच्या जोरावर कायम पगारी घोडदळाच्या तुकड्या उभ्या केल्या आणि तोफखाना जाँ ब्युरो या नागरी अधिकाऱ्याच्या हाती दिला. हा ब्युरो सरदार नव्हता, हिशेब जाणणारा माणूस होता. कास्तियोंला त्यानं खंदक खणून सुमारे तीनशे लहानमोठ्या तोफा मांडल्या. इंग्रजांचा म्हातारा सेनापती जॉन टॅल्बट त्या खंदकावर चालून गेला तो चिलखताशिवाय, कारण कैदेतून सुटताना फ्रेंचांविरुद्ध पुन्हा चिलखत चढवणार नाही असा त्यानं शब्द दिला होता. घोडा गोळ्यानं पडला, खाली टॅल्बट, वर कुऱ्हाड. तिकडे इंग्लंडच्या राजावर १४४९ सालीच ३,७२,००० पौंडांचं कर्ज असल्याचं पार्लमेंटपुढे आलं होतं. कास्तियोंच्या पाठोपाठ ऑगस्टमध्ये राजा सहाव्या हेन्रीची शुद्ध हरपली, फ्रान्समधून हात हलवत परतलेल्या सरदारांच्या टोळ्या घरच्या मैदानात उतरल्या आणि मे १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्सला ‘गुलाबांचं युद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडमधल्या यादवीची पहिली ठिणगी पडली.

चार्ल्सला नॉर्मंडीच्या मोहिमेसाठी पैसा पुरवला तो जाक क्योर नावाच्या सावकारानं. उपकाराची फेड म्हणून राजानं १४५१ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं आणि मालमत्ता जप्त केली. तो पळाला, पोपच्या तुर्कांविरुद्धच्या आरमारात शिरला आणि १४५६ मध्ये खिओस बेटावर मेला. जखमी जुस्तिनियानीचा शेवटही त्याच बेटावर झाला होता.

फ्रान्सच्या उत्तरेला बर्गंडीचा ड्यूक फिलिप होता, युरोपातला बहुधा सगळ्यात श्रीमंत माणूस. कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला तेव्हा तो काय करत होता? आपल्याच गेंट शहराशी लढत होता. भांडणाचं मूळ मिठावरच्या करात. २३ जुलै १४५३ ला गाव्हेरला त्यानं गेंटकरांचा धुव्वा उडवला. त्यांच्याच तोफखान्यात दारूला ठिणगी लागली आणि पळापळ झाली. नंतर गेंटचे प्रतिष्ठित नागरिक नुसत्या सदऱ्यानिशी, अनवाणी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून माफी मागायला आले. मग धर्मरक्षणाची आठवण झाली. १७ फेब्रुवारी १४५४ रोजी लीलमध्ये त्यानं मेजवानी दिली. टेबलावर एवढी मोठी ‘पाय’ (आत सारण भरून भाजतात तो पदार्थ) मांडली होती की तिच्या पोटात अठ्ठावीस वादक बसून वाजवत होते. एक राक्षसी देहाचा माणूस तुर्काच्या वेशात हत्ती घेऊन आला, हत्तीच्या पाठीवर मनोऱ्यात पवित्र चर्च बनलेली व्यक्ती, ती रडत रडत गाऱ्हाणं गायली. शेवटी रत्नजडित कंठा घातलेला जिवंत फेझंट पक्षी आणला गेला आणि त्या पक्ष्याच्या साक्षीनं ड्यूकनं शपथ घेतली की क्रुसेडला जाईन, वेळ आली तर सुलतानाशी एकट्यानं लढेन. अट एवढीच की फ्रान्सचा राजा यायला हवा, त्यानं मुलखाला संरक्षण द्यायला हवं, प्रकृतीनं साथ द्यायला हवी. पाठोपाठ सरदारांनीही नवस बोलून घेतले. फिलिप पुढे तेरा वर्षं जगला. कॉन्स्टँटिनोपलच्या दिशेनं त्याचं पाऊल पडलं नाही. त्या पंगतीचा खर्च आधीच्या वर्षी त्या शहरात पोचता तर अर्बन कुठं राहिला असता, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

जर्मनीत सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकनं याच कामासाठी १४५४ मध्ये रेगेन्सबुर्गला सभा बोलावली आणि स्वतःच आला नाही. माइन्झला गुटेनबर्गच्या नव्या तंत्राची छपाई मात्र जोरात होती : तुर्कांपासून सायप्रस वाचवण्यासाठी देणगी द्या आणि पापातून सूट घ्या, अशा छापील पावत्या, ज्यात देणाऱ्याचं नाव नि तारीख लिहायला जागा सोडलेली. बाल्टिकच्या काठावर ट्युटॉनिक ऑर्डर होती. हे तर प्रत्यक्ष धर्मयोद्धे, काफिरांशी लढण्याची शपथ घेतलेले संन्यासी सरदार. १४५४ मध्ये त्यांच्याच ख्रिस्ती शहरांनी करांना वैतागून बंड केलं आणि पोलंडच्या राजाला बोलावलं. ऑर्डरनं बोहेमियाची भाडोत्री फौज ठेवली, तिला पगार देता येईना म्हणून तारण म्हणून मारिएनबुर्ग हा आपला राजधानीचा किल्लाच लिहून दिला. १४५७ मध्ये भाडोत्र्यांनी तो किल्ला रोख पैसे घेऊन पोलंडच्या राजाला विकून टाकला. कॉन्स्टँटिनोपलचे तट निदान तोफांनी पडले. मारिएनबुर्गचे तट विक्रीच्या कागदानं गेले.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात अवघड उदाहरण बेलग्रेडचं आहे आणि ते टाळून पुढं जाणं लबाडी होईल. जुलै १४५६ मध्ये हाच मेहमद मोठ्या तोफांसह बेलग्रेडवर आला आणि हरून परत गेला. त्याला थोपवणाऱ्यांत हजारो शेतकरी, विद्यार्थी, कारागीर होते. कोयते, गोफणी, काठ्या घेऊन आलेले. त्यांना आणलं होतं सत्तरीच्या साधूनं, जिओव्हानी दा कापिस्त्रानोनं, निव्वळ प्रवचनांच्या जोरावर. इथं पगार कुठं होता? इथं श्रद्धाच लढली, हे कबूल करायलाच हवं. पण ती श्रद्धा ज्या तटावर उभी राहिली त्याची शिबंदी, धान्य आणि तोफा यानोश हुन्यादीनं आपल्या खासगी दौलतीतून आधीच भरून ठेवल्या होत्या. डॅन्यूबमधली तुर्की नावांची साखळी फोडणारं नदीवरचं आरमारही त्यानंच जमवलं होतं. हुन्यादी हंगेरीचा सगळ्यात मोठा जमीनदार होता. राजा लादिस्लाव व्हिएन्नाला निघून गेला होता, बडे सरदार घरी होते. विजयानंतर काय झालं तेही बघा. त्या उत्साही जमावाला पुढं न्यायला ना पैसा होता ना सरकार, म्हणून तो पांगवावा लागला. छावणीत साथ पसरली, ११ ऑगस्टला हुन्यादी गेला, ऑक्टोबरात कापिस्त्रानो. नोव्हेंबरमध्ये त्याच बेलग्रेडच्या किल्ल्यात हुन्यादीच्या मुलाच्या माणसांनी राजाच्या मामाला कापलं आणि पुढच्या मार्चमध्ये राजानं त्या मुलाचं शिर उडवलं. श्रद्धेनं एक वेढा उठवला, ही गोष्ट मोठी आहे. तिच्या बळावर सीमा सांभाळता आली नाही.

राहिलं ते परीक्षेच्या वहीतलं वाक्य. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ते आपल्याबद्दल आहे. वास्को द गामा आपल्या किनाऱ्यावर का आला, याचं उत्तर म्हणून ते आपण पाठ करतो. त्यात तथ्यांश आहे तो आधी देऊन टाकतो. काळ्या समुद्रातला जिनोआचा व्यापार १४५३ नंतर खरोखर आक्रसला. कापड रंगवायला लागणाऱ्या तुरटीच्या फोकेआच्या खाणी तुर्कांकडे गेल्या. १४६३ पासून सोळा वर्षं व्हेनिस आणि सुलतान यांच्यात युद्ध चाललं. पूर्वेकडून मोकळं झालेलं जिनोआचं बरंचसं भांडवल आणि बरेचसे खलाशी पोर्तुगाल नि स्पेनकडे वळले, आणि कोलंबस जिनोआचा होता. हे सगळं खरं.

पण मार्ग बंद? ज्या व्हेनिसनं मदतीचं आरमार इतक्या सावकाश धाडलं की शहर पडलं तेव्हा ते वाटेतच होतं, ती लोंबार्डीत मिलानशी लढण्यात गुंतली होती. ९ एप्रिल १४५४ ला लोदी इथं तिनं मिलानशी तह केला. आणि १८ एप्रिलला, नऊ दिवसांनी, सुलतानाशी व्यापाराचा तह : व्हेनिसचा वकील पुन्हा शहरात राहील, माल येईल जाईल, जकात दोन टक्के. बायझंटाइन काळात व्हेनिसला जकात माफ होती, म्हणून व्यापाऱ्यांना ती बोचली असणार. पण दोन टक्के जकात म्हणजे बंद दार नव्हे. मेहमदाला ओसाड शहर पुन्हा भरायचं होतं, जकातीवर फौज पोसायची होती. स्वतःच्या हाती आलेला सगळ्यात कमाईचा नाका तो कशाला बंद करील?

शिवाय मिरी कॉन्स्टँटिनोपलवरून युरोपात जातच नव्हती म्हटलं तरी फार चूक होणार नाही. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला, नाहीतर सीरियातून बैरुतला जायची. तिथून व्हेनिसची गलबतं ती उचलत. हा सगळा मुलूख कैरोच्या मामलुक सुलतानांचा. ऑटोमनांनी तो घेतला १५१६-१७ मध्ये. गामा कालिकतला पोचला मे १४९८ मध्ये. एकोणीस वर्षांनंतर होणाऱ्या गोष्टीमुळे माणूस जहाजात कसा बसेल? आणि पोर्तुगीजांचा समुद्र तर त्याच्याही किती आधी सुरू झाला होता. सेउता त्यांनी घेतलं १४१५ मध्ये, बोजादोर भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये, १४४४ मध्ये पोर्तुगालमधल्या लागोसच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा बाजार भरला. त्यांना सोनं हवं होतं, गुलाम हवे होते, मोरोक्कोच्या मुसलमान सत्तेला पाठीमागून गाठायचं होतं. त्यांचा राजा पाचवा अफोंसो यानं पोपच्या हाकेला ओ देऊन १४५७ मध्ये क्रुझादो हे सोन्याचं नाणंही पाडलं, नावातच क्रूस. क्रुसेड बारगळलं. जमवलेली फौज त्यानं १४५८ मध्ये घरापासून जवळच्या मोरोक्कोतल्या अल्कासर सेगेरवर घातली.

आणि आपल्या बाजूनं बघितलं तर? १४५३च्याच सुमारास गिलानहून आलेला एक इराणी व्यापारी दाभोळ बंदरात उतरला आणि बीदरला गेला. तो पुढं बहमनी राज्याचा वजीर झाला, महमूद गवान. त्याचा ऑटोमन सुलतानाशी पत्रव्यवहार होता आणि त्याचे गुमास्ते माल घेऊन थेट बुर्सापर्यंत जात होते. मार्ग बंद होता तर हे गुमास्ते कुठून गेले? त्याच गवानच्या कारकिर्दीत त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझमार्गे चौलला उतरला, पावसाळा त्यानं जुन्नरला काढला, बीदर पाहिलं आणि दाभोळहूनच परतीचं जहाज धरलं. परतताना तो इराणातून, तिथला सत्ताधीश उझून हसन याच्या छावणीवरून, काळ्या समुद्राकाठच्या ट्रेबिझोंडला आला. ट्रेबिझोंड १४६१ पासून ऑटोमनांचं. तिथल्या अंमलदारांनी त्याला अडवलं, त्याचं सगळं चंबूगबाळं गडावर नेऊन उलटंपालटं केलं आणि त्यातलं बरंचसं लांबवलं. तो ख्रिस्ती आहे किंवा हिंदुस्थानातून येतोय, याचं त्यांना काही नव्हतं. ते शोधत होते पत्रं. उझून हसन हा सुलतानाचा मुसलमान शत्रू आणि त्या वेळी व्हेनिसचा दोस्त. त्याच्या छावणीतून येणारा माणूस हेर असू शकतो, एवढाच त्यांचा संशय. पत्रं सापडली नाहीत. निकितीननं भाडं ठरवलं आणि गलबतात बसून काळा समुद्र ओलांडला, क्रिमियातल्या काफा बंदरापर्यंत.